कानात सांगितलेलं नाव

आमच्या क्लबने डायलिसिस मशीनसाठी निधी जमवायला भिवंडीच्या बाजारात कापडाचा स्टॉल लावला होता. दुपारी यंत्रमाग चालवणारे एक लूमवाले चाचा खांद्यावर सुती कापडाचा तागा घेऊन आले आणि तो त्यांनी आम्हाला विकायला देऊन टाकला. ठेवताना त्यावरून हळूच हात फिरवला. देणगीदारांच्या यादीसाठी नाव विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले.

“निदान मला तरी सांगा,” मी म्हटलं.

ते माझ्या कानाशी वाकले. पण सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे त्यांची कुजबुजही ओरडल्यासारखीच. नाव सांगून म्हणाले, “पण बेटा, कुणाला कळू देऊ नको हां!”

पलीकडचा चहावालासुद्धा वळून बघायला लागला. चाचा ओठांवर बोट ठेवून खुशीत निघून गेले.

ते नाव आता अख्ख्या बाजाराला माहीत आहे. मी मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.