सोड्यांचं पाणी

आमच्या पेणच्या घरात आता सोड्यांची बरणी नाही, आणि तिच्यावाचून माझं काही अडतही नाही. पूर्वी कोणी असं म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सोलून वाळवलेली ती कोळंबी आमच्याकडे वांग्यात पडायची, खिचडीत पडायची, वालाच्या बिरड्यात तर पडायचीच.

मुलाने पसंत केलेली रोह्याची मुलगी पहिल्यांदा जेवायला येणार होती. "आई, तिला कोळंबीची ॲलर्जी आहे. सोडेसुद्धा नकोत," मुलाने बजावलं. म्हटलं, बरं बाबा.

बिरडं बिनसोड्याचं केलं. चाखलं तर अगदीच मिळमिळीत. होणाऱ्या सुनेला पहिल्याच दिवशी हे वाढायचं? नवऱ्याच्या भाजीसाठी सोडे भिजत घातले होते. त्यातलं वाटीभर पाणी घेतलं आणि दिलं बिरड्यात ओतून. सोडे थोडेच घातलेत, नुसतं पाणी तर आहे, अशी मीच माझी समजूत घातली.

चार घासांत तिचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, धाप लागली. मुलाने तिला तसंच दवाखान्यात नेलं. इंजेक्शननंतर ती सावरली. "कढईला काहीतरी लागलं असेल," मुलगा म्हणाला. मी गप्प बसले. तीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी!

महिन्याने ती पुन्हा आली, ती स्वतःचा डबा घेऊन. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण ही आता माझ्या हातचं कधी खाणारच नाही, असं वाटलं. मी नवी कढई आणली होती, बरणी गडब गावी जाऊबाईंकडे देऊन टाकली होती. तेच सांगायला गेले आणि तोंडून भलतंच निघालं.

"कढईचं काही नव्हतं गं. सोड्यांचं पाणी मीच घातलं होतं. चव यावी म्हणून."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

"तरीच इतकं छान लागत होतं," ती म्हणाली. मग हळूच, "काकू, पुन्हा असं करू नका. मी जिवानिशी गेले असते."

"नाही करणार," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि ताट पुढे ओढलं. मी बिरडं वाढलं. ती सावकाश जेवली.

"आजचं जरा फिकं झालंय," ती म्हणाली.

माझ्या बिरड्याला फिकं म्हटलेलं मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं, आणि तिने पुन्हा मागितलं तेव्हा आणखी वाढलं.