पाठीखालची गोधडी

बाई गेल्याचं मला त्यांच्या भाच्यानं फोनवर सांगितलं. मी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. सुनेनं फोन आणून कानाला लावला. पलीकडून तो म्हणाला, "हौसाकाकू, मालूमावशी गेली. आज सकाळी." मी बरं म्हणाले आणि फोन सुनेकडे परत दिला. राहिलेल्या शेंगा सोलून संपवल्या. अशा वेळी हातातलं गळून पडतं म्हणतात, माझ्या हातातलं काही पडलं नाही. बाईंची छाती दोन वर्षांपासून जास्तच खराब होती आणि हे होणार हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मात्र भाजीत दोनदा मीठ पडलं.

महिन्याभरानं तो भाचा पुण्याहून घोडेगावला आला. चहा घेतला, आणि पिशवीतून एक गोधडी काढून माझ्यापुढे ठेवली. आखूड, जेमतेम मानेपासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढी. चारी कोपऱ्यांना नाड्या. टाके असे दूर दूर, की बघणारी बाई म्हणेल, शिवणारीला शिवणं येत नसावं. ती मी शिवलेली. उभ्या आयुष्यात शंभरावर गोधड्या शिवल्या असतील, त्यातली ही एकच अशी. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय बाईंची गोष्ट सांगता येत नाही.

मालतीबाई आमच्या गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला बदलून आल्या आणि आमची पुढची खोली भाड्यानं घेतली. एकट्या होत्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याचं कारणही कुणाला सांगत नव्हत्या. बाई गोड नव्हत्या. पोरांना छडी मारत नसत, पण अशा बघत की पोरं छडी परवडली म्हणत. त्यांच्या हातची आमटी मी एकदा खाल्ली, परत नाही. पण एक होतं. त्या काही विचारायच्या तेव्हा उत्तर ऐकायला थांबायच्या. मी चौथी शिकलेली, माझ्या उत्तराला थांबणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

त्यांना एकच वेड, शेकरू. आहुप्याच्या देवराईत शेकरं आहेत, झाडाच्या शेंड्याला काटक्यांची मोठाली घरटी करतात. बाई हिवाळ्यात शनिवारी शाळा सुटली की मुक्कामाची एसटी धरून आहुप्याला जायच्या. शेकरू पहाटे फटफटलं की घरट्याबाहेर पडतं, त्या वेळी झाडाखाली हजर असलं तरच कुठल्या घरट्यात राहणारं आहे आणि कुठलं ओस आहे ते कळतं. गावात झोपलं तर देवराईपर्यंत अंधारात तासाची चाल. म्हणून बाई देवराईच्या कडेलाच झोपायच्या. जमिनीवर नाही, कारण खालून ओल आणि त्यांचे गुडघे असे, की खाली बसलं की उठायला कुणीतरी हात द्यावा लागे. त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून छत्रीचं असतं तसं पातळ कापड आणलं होतं, त्याची लांब झोळी करून दोन झाडांना बांधायच्या आणि तीत निजायच्या. त्या तिला हॅमॉक म्हणत. आम्ही झोळीच म्हणत होतो.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावरच म्हणाले, "झोळीत तान्ही पोरं निजत्यात बाई. तुमाला हलवायला कोन येनार तितं?"

बाई म्हणाल्या, "वारा."

गावानं त्यांना झोळीवाल्या बाई नाव पाडलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. दर सोमवारी सकाळच्या एसटीनं परत यायच्या, तशाच शाळेत जायच्या, आणि संध्याकाळी कुठलं घरटं राहतं, कुठलं ओस ते वहीत लिहायच्या. असे सात हिवाळे लिहिले. मी एकदा विचारलं, अजून किती. त्या म्हणाल्या, दहा. चार-सहा वर्षांच्या नोंदीवरून शेकरांबद्दल काही बोलता येत नाही, एखादं वर्ष वाईट असू शकतं. सलग दहा झाली तर काहीतरी कळेल. मधला एक हिवाळा चुकला तर मोजणं पुन्हा पहिल्यापासून.

सातव्या हिवाळ्याच्या शेवटी बाई आहुप्याहून आल्या त्या तापानं फणफणूनच. छातीत कफ धरला. मंचरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. डबा मी पोचवत होते, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते मी स्वतः ऐकलं. ते म्हणाले, परत एकदा पाठीत असा गारठा भरला तर मी जबाबदार नाही, रानात झोपणं बंद. बाईंनी मान डोलावली. एसटीत बसल्यावर मला म्हणाल्या, "पाठ गरम राहिली तर झालं ना? ते असंच म्हणाले ना?" मी म्हणाले, ते असं म्हणाले नाहीत. पण बाईंनी ऐकायचं ते ऐकलं होतं. तीन हिवाळे राहिले होते आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

पुढच्या दिवाळीत भाच्यानं स्लीपिंग बॅग आणून दिली. हलकी, फुगीर, गळ्यापर्यंत चेन. दाबली की एवढीशी होई. तो म्हणाला, बर्फातही चालते. बाई खूश. मी मात्र चडफडले. घरात गोधडीवाली बसलेली असताना माणसानं पिशवीत शिरून झोपायचं, हे मला पटलं नाही, आणि मी तसं बोललेसुद्धा. बाई म्हणाल्या, वजन बघा काकू, मला देवराईपर्यंत चालायचं आहे.

पहिल्याच खेपेला तिची परीक्षा झाली. हलत्या झोळीत बसून त्या पिशवीत पाय घालायचे म्हणजे गुडघे धड असलेल्यालाही कठीण. कशाबशा शिरल्या, आणि चेनमध्ये झोळीचं कापड अडकलं. उजाडल्यावर आहुप्याचा धोंडूदादा, ज्याच्या घरी बाई स्टोव्ह ठेवत, तो दुधाला जाताना त्या बाजूनं आला. त्यानं त्यांना ओढून काढलं. त्या दिवशीचं शेकरू आधीच निघून गेलं होतं. बाईंच्या आधी ही बातमी घोडेगावच्या स्टँडवर पोचली, कारण धोंडूदादानं ती कंडक्टरला सांगितली. "कोशातला किडा असतोय ना, तशा व्हत्या बाई. नुसतं डोकं भाईर." मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चेनचं जाऊ द्या, पाठ गार पडली होती... बर्फात चालणारी वस्तू आणि पाठ गार कशी?

माझी वेळ आली असं मला वाटलं. मी म्हणाले, दुकानातलं सोडा, मी शिवते. आठ दिवस लागले. आईची मऊ झालेली दोन लुगडी आत घातली, मधे पिंजलेला कापूस, वर सुती पातळ. आमच्याकडे गोधडी कडेनं आत शिवत येतात, चौकोनात चौकोन, आणि माझी आई सांगायची की दोन ओळींच्या मध्ये गव्हाचा दाणा आडवा बसता कामा नये. माझ्या गोधडीत तो कधी बसला नाही. बायका हात फिरवून बघायच्या. ही मी त्याहून दाट शिवली. वाण्याच्या काट्यावर ठेवली तर स्लीपिंग बॅगेपेक्षा थोडीच जड भरली. बाई घेऊन गेल्या.

सोमवारी आल्या तेव्हा खोकत होत्या. दारातूनच म्हणाल्या, "काकू, पाठ गार पडली."

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहिते. बाईंचा खोकला ऐकू येत होता, मधे एक भिंत होती, आणि मी माझ्या टाक्यांचा अपमान घेऊन बसले होते.

पाचव्या दिवशी, उन्हं यायच्या आत बाईंनी आमच्या अंगणात चिंचेला आणि पडवीच्या खांबाला झोळी बांधली. आत माझी गोधडी अंथरली आणि मला म्हणाल्या, झोपा. मी म्हणाले, शेजारपाजार बघतोय. त्या म्हणाल्या, "मला सात वर्षं बघतोय. आता तुम्हाला बघू दे."

झोपले. पन्नाशीची बाई झोळीत. पहिल्यांदा भीती, मग बरं वाटलं... आणि मग पाठीच्या कण्यातून गारठा असा वर आला, जणू कुणी ओला फडका लावला. वारा खालून येत होता. मी हात घालून पाहिलं. गोधडी माझ्या वजनानं दबून पापडासारखी झाली होती. बाई वाकून म्हणाल्या, बॅगेचंही असंच होतं. ऊब कापसात नसते काकू, कापसात अडकलेल्या हवेत असते. आपण अंगाखाली ती चेपून टाकतो. वर कितीही घ्या, पाठ उघडीच.

मी झोळीत पडल्या पडल्याच विचार करत होते. माझी चार बाळंतपणं बाजेवर झाली. बाळंतिणीला शेक खालून देतात, बाजेखाली शेगडी ठेवून. तिच्या अंगावर शेगडी कुणी ठेवत नाही. आणि आमची म्हातारी सासू बाजेच्या खालून पोतंही बांधायची, ऊब पळू नये म्हणून. मी बाईंना म्हणाले, "गोधडी झोळीच्या आत कशाला? भाईरनं बांधा. खालनं."

बाईंनी झोळीच्या खाली हात घालून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे अंगाचं वजन तिच्यावर येणारच नाही."

"मी तेच म्हनतीय."

ती जुनी गोधडी खाली बांधून पाहिली. जरा फरक पडला, पुरेसा नाही. दोष कुठे ते मला दिसत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. ते जुन्नरच्या हमीदभाईंनी काढलं. ते पिंजारी, आमच्या गाद्यांचा कापूस वर्षानुवर्षं तेच पिंजत. मी नवा कापूस घ्यायला गेले आणि नमुना म्हणून ती गोधडी दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरली आणि म्हणाले, "हौसाबाई, असं दाबून शिवणार असाल तर माझ्याकडून पिंजून कशाला नेता? तुमी याचा श्वास कोंडताय." मी विचारलं, मग कापूस एका जागी गोळा होणार नाही का? ते म्हणाले, टीचभर अंतरावर एकेक गाठ मारा, बाकी सोडून द्या.

टीचभर. जिथे गव्हाचा दाणा बसू द्यायचा नाही तिथे टीचभर. मी ती शिवली, दार लावून शिवली, आणि झाल्यावर सुनेलाही दाखवली नाही. आखूड केली, कारण पाय वरच्या पांघरुणात जातात. कोपऱ्यांना नाड्या लावल्या, त्या झोळीच्या दोरीला बांधायच्या. वरून घ्यायला स्लीपिंग बॅगच, पण चेन पूर्ण उघडून, गोधडीसारखी पसरून. म्हणजे शिरायचं नाही, अडकायचं नाही. मी दुकानाशी भांडत होते आणि बाई वजनाशी. दोन्ही वस्तू लागणार होत्या, फक्त ज्या जागी आम्ही त्या वापरत होतो ती जागा चुकली होती. वजन वाढलं तर बाईंनी सतरंजी आणि जाडजूड स्वेटर काढून टाकला.

त्या सोमवारी मी भाजी घ्यायला म्हणून स्टँडवर गेले. पिशवीत आधीच भाजी होती. आहुप्याची एसटी आली, बाई मागच्या दारानं हळूहळू उतरल्या, एक गुडघा, मग दुसरा. मला पाहिलं. खोकल्या नाहीत. जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पाठ गरम होती." एवढंच. मग माझ्या पिशवीत बघून म्हणाल्या, एवढी मेथी कशाला घेतलीत?

तीन हिवाळे झाले. दहा पुरे झाल्यावर त्या आणखी दोन गेल्या, कारण सवय. वही नीट लिहून काढली आणि वनखात्याच्या साहेबाला दिली. कुणी वाचली की नाही मला माहीत नाही. बाईंनाही माहीत नव्हतं, पण त्यांची झोप त्यामुळे उडाली नाही. शेवटच्या पानावर मदत करणाऱ्यांची नावं होती. धोंडूदादा, हमीदभाई, आणि माझं, त्यापुढे लिहिलं होतं, खालून बांधण्याची कल्पना यांची. माझं नाव लग्नाच्या पत्रिकेत आणि रेशनकार्डावर छापलं गेलंय. पण मला काही सुचलं म्हणून कुणी ते लिहिलं, असं तेवढंच एकदा. बाईंचे मी कधी आभार मानले नाहीत. त्यांनीही कधी मानले नाहीत. आता मानते.

निवृत्त होऊन त्या पुण्याला भाच्याकडे गेल्या. पत्रं यायची, उत्तर लिहा म्हणून दम असायचा, म्हणून माझी लिहायची सवय राहिली. शेवटी छातीनंच नेलं. गोधडीनं त्यांना वाचवलं असं मी म्हणणार नाही. पाच हिवाळे दिले एवढं म्हणेन, आणि ते त्यांना हवे होते.

भाचा जाताना म्हणाला, स्लीपिंग बॅग मी ठेवलीय, चालेल ना? मी म्हणाले, चेन सांभाळ.

मी हल्ली पडवीत बाजेवर झोपते. पट्ट्यांची बाज, खालून वारा लागतो. तो गेल्यावर मी खाली वाकले, माझेही गुडघे आता बाईंच्यासारखेच झालेत, आणि गोधडी बाजेच्या खालून चारी खुरांना बांधली. नाड्या अजून पक्क्या आहेत. सूनबाई म्हणाली, आत्या, टाके किती विरळ झालेत, द्या, मी दाट करून देते. माझाही हात शिवशिवतो, खोटं कशाला सांगू. पण मी तिला सांगितलं, सुई लावू नकोस. ती तशीच असायची असते.