टिंब दिल्याशिवाय पुढचं नाही

अर्ज लिहून पुरा झाला होता आणि लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं तो माझ्यादेखत फाडला. कचेरी बंद व्हायला आली होती. माझे मालक लढाईत बेपत्ता झाल्याची तार येऊन चार महिने उलटले होते. ते जिवंत आहेत का, एवढंच मला लष्कराच्या साहेबाला विचारायचं होतं.

"आवं, फाडलासा का?"

"टिंब चुकलं. सांग परत."

पूर्णविरामाला तो टिंब म्हणायचा. साताऱ्यात कचेरीबाहेर बसून इंग्रजी अर्ज लिहून देणारा हा काटकुळा म्हातारा कुणाचं रडगाणं लिहून घेत नसे. एकच वाक्य सांगायला लावायचा, ते लिहून टिंब द्यायचा, शाई वाळेपर्यंत टाक वर धरायचा आणि मगच पुढचं विचारायचा.

"साहेब काय टिंबं मोजत बसतोय व्हय?" मी चिडून म्हणाले.

त्यानं नवा कागद घेतला. "माझं पोरगं बी लढाईत हरवलंय. त्याचा अर्ज मी एका दमात लिवला, कुठं टिंब न्हाई. अर्थ लागत न्हाई म्हणून साहेबानं परत धाडला."

"मग दुसरा लिवा की."

"रोज बसतो लिवायला. त्याचं लिवताना हात थांबत न्हाई."

माझा अर्ज त्यानं सावकाश लिहिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, मालक शत्रूच्या कैदेत होते. लढाई संपल्यावर ते घरी आले. म्हाताऱ्याचा मुलगा आला नाही.