दादाची न मिटणारी फळी

रेडीहून फोन आला तेव्हा मी एका लग्नाची पत्रिका टाइप करत होते, आणि माझा कीबोर्ड ज्या फळीवर होता ती दादानेच केलेली. बंदरात कामावर असतानाच त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता दोन महिने होतील.

दादा, माझा थोरला भाऊ, देवबागला लाकडी होड्या बांधायचा. फायबरच्या होड्या आल्या आणि त्याचं काम आटत गेलं. त्याच सुमारास मी आणि आई मालवणात एका खोलीच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. मी घरीच पत्रिका, प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचे. कॉम्प्युटर मांडला तर आईच्या अंथरुणाला जागा उरेना. दादा खोलीच्या मधोमध उभा राहून नुसता बघत होता. मग म्हणाला, "तुजां ऑफिस कपाटात घालूया गो!" आणि घातलंनच. आत मॉनिटर, खाली मिटणारी खुर्ची. पुढची फळी सकाळी उतरवली की टेबल, संध्याकाळी उचलली की कपाटाचं दार. चौकटीत अशी बसायची की मध्ये पोस्टकार्डही शिरू नये. शेजारच्या बाईंना शिकवणीसाठी तसंच हवं झालं, वरच्या मजल्यावरच्यांना शिलाई मशीनसाठी. दादा हरखून गेला. "आता होडयेक हात लावचंय नाय," म्हणाला.

सगळ्यांना नीट दाखवायचं म्हणून त्याने आषाढातला रविवार धरला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर झाकलेल्या, म्हणजे सवड तेव्हाच, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. माणसं जमली, दादाने फळी उचलली, आणि ती चौकटीत जाईना! खांदा लावला, तरी नाही. कुणीतरी हसलं. होडीचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, फट मिटते, त्यातच होडीचं भलं. जन्मभर फट म्हणजे दादाचा वैरी. घरातल्या दाराला मात्र फुगायला थोडी जागा सोडावी लागते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"सुकल्यार तासतंय," तो खालमानेने म्हणाला. मंडळी 'नंतर सांगतो' म्हणून गेली ती गेलीच. दिवाळीपर्यंत फळी आपोआप सुरळीत मिटू लागली, पण बघायला कोणी आलं नाही आणि दादानेही पुन्हा रंधा आणला नाही. त्या हिवाळ्यात तो रेडीला कामाला लागला. एवढं डोकं असलेला माणूस, आणि एका ओल्या रविवारी त्याचं सगळं ठरून गेलं, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

यंदाच्या पावसातही फळी अडली आहे. परवा खालचा सुतार रंधा घेऊन आला, तर आई म्हणाली, "ऱ्हवांदे रे. पावस सरलो की आपणच मिटतली." ती टेबलाखाली पाय सरकवून झोपते. मी रोज काम आटोपलं की फळी उचलून बघते. चौकटीला टेकते आणि थांबते... दिवाळीत ती सहज आत जाईल. या वर्षी तरी जाऊ नये, असं वाटतं.