स्कूटर थांबली तर बोर्ड नापास

माझ्या साडूंनी आयुष्यात जेवढे शब्द वाचवले, तेवढे दुसऱ्या कुणी खर्चही केले नसतील. महामार्गावर डोक्याच्या वर जे इलेक्ट्रॉनिक बोर्ड पेटतात, पुढे काम सुरू आहे, हळू जा असं सांगणारे, त्यांवरचा मजकूर ठरवण्याची नोकरी ते करतात. ड्रायव्हरनं नजर वर केली न केली तोच बोर्ड मागे पडतो, तेवढ्यात कळलं तर कळलं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की घरातही समोरचा माणूस शंभरच्या वेगानं निघून चालला आहे अशाच बेतानं ते बोलतात. 'कृपया' या शब्दावर तर त्यांचा खास राग. "कृपया वाचेस्तोवर गाडी खड्ड्यात," असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली: मुलीचं लग्न. रविवारी बारा वाजता. या. गंगापूरच्या पाहुण्यांना ते नुसतं 'या' इतकं लागलं की निम्मे आलेच नाहीत, आणि जे आले ते आग्रह कसा करतात हे शिकवायला आले. माझे वडील गेले तेव्हा साडू आले, "वाईट झालं" एवढंच म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी बाकीचे काय काय बोलले ते मला आठवत नाही.

त्यांच्या बोर्डांची खरी परीक्षा ऑफिसात होत नसे. ती आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या फाटकावर होई आणि परीक्षक असे अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. देवगाव रंगारीला चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचणारी. नवा मजकूर साडू काळ्या पुठ्ठ्यावर पिवळ्या रंगानं रंगवत, फाटकाला टांगत आणि अक्काला स्कूटरवर मागे बसवून पाण्याच्या टाकीपासून सुसाट येत. वेग कमी करायचा नाही, मागे वळून बघायचं नाही, स्कूटर थांबली तर बोर्ड नापास. वळणापलीकडे गेल्यावर अक्कानं सांगायचं, आणि तेही काय लिहिलं होतं ते नव्हे, काय करायचं ते. "उजवीकडनं जायचं, म्होरं ट्रक बंद पडलाय," असं ती पदर सावरत म्हणाली की तो मजकूर महामार्गावर जाई. एकदा हौसेनं मीही मागे बसलो आणि सगळा मजकूर काना-मात्रेसकट म्हणून दाखवला. साडूंनी मला तिथंच उतरवलं. "तुम्ही बाद. तुम्हाला वाचता येतं." त्यानंतर महिनाभर माझी बायको मला 'बाद' याच नावानं हाक मारत होती. अक्काला मात्र या कामाचा फार अभिमान. गावी जाताना बोर्ड दिसला की एसटीतल्या अनोळखी बाईलाही ती सांगे, ह्यो मी पास केलाय.

गेल्या वर्षी अक्का एकामागून एक बोर्ड नापास करू लागली. साडू नेहमीप्रमाणे स्वतःवर चिडले, बायकोवर नाही. पाच शब्दांचे तीन केले, तिनांचे दोन. अक्षरं वाढवत वाढवत नेली, शेवटी एकेका पुठ्ठ्यावर एकच शब्द मावायला लागला. फाटकाशी उभे राहून आम्ही सगळे हसत होतो, मी तर सर्वांत मोठ्यानं. पुढच्या वेळी फाटकाऐवजी टाकीवरच लिहा, असं मीच सुचवलं होतं. महामार्गावरचे बोर्ड त्या काळात सुंदर झाले, ऑफिसात साडूंचं कौतुक झालं. आणि अक्का वळणापलीकडे जाऊन दर वेळी खाली मान घालून एवढंच म्हणायची, मला कळलं नाय. दिसलं नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही.

साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे केव्हाच खराब केले होते. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणायला हवं होतं. बाहेरच्या बाकावर मी तिला विचारलं, अक्का, सांगितलं का नाहीस? "दाजी, मला वाटलं माझंच डोकं चालंना," ती म्हणाली. "ते येवढं मोठं मोठं लिवत हुते." साडू भिंतीकडे बघत होते. "मी अक्षरं मोठी करत बसलो," ते म्हणाले. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

आता अक्काला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मला वाटलं होतं, पुठ्ठे बंद होतील. पण गेल्या रविवारी मी गॅलरीत असताना फाटकाला पुठ्ठा टांगलेला दिसला. पाण्याच्या टाकीकडून स्कूटर आली, मागे अक्का, एक हात साडूंच्या खांद्यावर. फाटक जवळ आलं तसं तिनं विचारलं, "लिवलंय काय?"

साडूंनी स्कूटर थांबवली. फाटकावर 'पुढे धुकं. हळू.' एवढंच होतं. ते खाली उतरले, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि वाचू लागले, "वाहनचालकांनो, पुढे दाट धुकं पसरलेलं आहे. कृपया गाडी सावकाश चालवा. घरी तुमची कुणीतरी वाट बघत आहे." तिनं मान हलवली, आणि आणखी वाचा म्हणाली. फाटकाबाहेर दोन गाड्या हॉर्न देत खोळंबल्या होत्या, तरी ते वाचत राहिले.