गढूळ कुपी

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे डिंककाकू म्हणायचे. तोंडावर नुसतं काकू. अख्खी नोकरी त्यांनी एकाच प्रश्नावर काढली होती: चिकटतं की सुटतं? कारखान्यांकडून रसायनं यायची. काकू ती विरघळवून प्रथिनाच्या तुकड्याबरोबर कुपीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी यंत्र सांगायचं, किती प्रथिन मोकळं उरलं. प्रथिनाला चिकटणारं रसायन श्वासातून गेलं तर दमा जडवू शकतं, असा संशय धरून पुढच्या चाचण्या करायच्या. नाही चिकटलं, तर वहीत 'सुटलं'.

तिसराही एक शब्द होता, काकूंचा लाडका. 'गढूळ'. म्हणजे रसायन नीट विरघळलंच नाही, मग ते चिकटणार कुठून? अशा वेळी 'सुटलं' लिहायचं नाही. द्रावक बदलायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. "यंत्राला डोळे नसतात रे, कुपी उजेडात धर," हे त्यांचं रोजचं पालुपद. मी दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्यांची हुबेहूब नक्कल करायचो आणि सगळ्यांना हसवायचो. तेवढीच काय ती माझी कर्तबगारी.

एका शनिवारी काकू बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. लाकडाचं पॉलिश कडक व्हावं म्हणून त्यात घालायचं एक हार्डनर तपासायचं होतं. मी कुपी उजेडात धरली. गढूळ होती. फार नाही, जराशी. पण धाकटीच्या शाळेतलं नाटक चारला सुरू होणार होतं आणि यंत्र तर सुटलं म्हणत होतं. मीही 'सुटलं' लिहिलं आणि सुटलो.

सोमवारी काकूंनी सही करताना विचारलं, "उजेडात पाहिलंस ना?"

"पाहिलं की," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

आठ महिन्यांनी एका फर्निचरच्या कारखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. तिघांना धाप लागत होती, सुट्टीच्या दिवशी बरं वाटत होतं. संशय त्याच हार्डनरवर होता. तिथल्या डब्यातला नमुना आणायला साहेबांनी आम्हा दोघांना पाठवलं. गाडीत काकूंनी जुनी वही उघडली. "गढूळ नव्हतं ना रे?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी वही मिटली.

कारखान्यात पन्नाशीचा एक पॉलिशवाला टेबलाला हात टेकून उभा होता. दोन वाक्यं बोलला की थांबायचा. भिंतीवर आमचा अहवाल लावलेला होता.

"हा कागद आला आणि मास्क काढला बघा," तो म्हणाला. "घामाने जीव नकोसा व्हायचा त्यात." मग दम घेऊन त्याने विचारलं, "तपासलं होतं कोणी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला भरपूर वेळ दिला त्यांनी. मी भिंतीवरचा अहवाल वाचत राहिलो.

"मी," काकू म्हणाल्या. "सही माझी आहे. चूक झाली माझ्याकडून. हे वापरणं आजच बंद करायला सांगते."

त्याने काकूंना बसायला स्टूल पुढे केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

द्रावक बदलला, कुपी स्वच्छ निघाली आणि दुसऱ्या दिवशी रसायन चिकटलं. काकूंनी जुनी वही माझ्यासमोर ठेवली. "खोडू नकोस. शेजारी लिही." मी 'गढूळ' लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांकडेही कबूल केलं. दोन महिने पगारवाढ रोखली, संपलं. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा लोकांनी मला नक्कल करायला सांगितलं. मी जमणार नाही म्हणालो.

पॉलिशवाला आता त्याच कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतो. परवा मी मुद्दाम गेलो होतो, सगळं सांगायचंच असं ठरवून. त्याने लगेच ओळखलं.

"तुम्ही त्या बाईंबरोबर आला होता ना? त्यांना सांगा, माझा राग नाही त्यांच्यावर."

"सांगतो," मी म्हणालो आणि परत आलो.