पावसाळाभर बंद ठेवलेला जनरेटर

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत वसमतला हळद पॉलिशच्या कारखान्यात जनरेटर माझ्या ताब्यात होता. सातवीत शाळा सोडून मी कोकणातून तिकडं गेलेलो. वापरून बिघडला तर नोकरी जाईल, या धास्तीनं मी तो पावसाळाभर झाकून ठेवला, एकदाही चालवला नाही. हळदीच्या हंगामाला कारखाना उघडल्यावर सुरू केला, तर इंजिन फिरतंय पण वीज नाही.

"वायंडिंग जाळलं असशील, तर उद्या गावाकडं निघायचं," मालक म्हणाला आणि त्यानं मिस्त्री बोलावला.

मिस्त्री म्हातारा होता. चपला दाराबाहेर काढून आत आला, यंत्रावर तळहात ठेवून थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग अंगणातल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन तारा आणून त्यानं जनरेटरच्या आत क्षणभर टेकवल्या. तारा काढल्या तरी जनरेटरला जोडलेला बल्ब आधी लालसर झाला, मग लख्ख पेटला.

"जळलं न्हाई काई, मालक," तो म्हणाला. "लोखंडात जरासं चुंबक उरावं लागतं. त्याच्यावरच पहिली वीज उठती, अन् मग वाढती. बंद राहून तेवढं गेलं होतं, ते बॅटरीनं परत आलं."

मालक गेल्यावर मिस्त्री माझ्याकडं वळला. "काहून इतका भेऊन राहिला, भाऊ? आठवड्याला धा मिनिटं फिरवत जाय. घरचं कोन हाय इथं?"

"कुणी नाही."

जाताना तो माझ्यासोबत अर्धी भाकरी खाऊन गेला. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

नोकरी टिकली. दर रविवारी मी जनरेटर फिरवत राहिलो, त्यामुळं मिस्त्रीला बोलवायची वेळ परत आलीच नाही. एका पावसाळ्यात जनरेटर मुद्दाम बंद ठेवावा असं फार वाटलं होतं. धीर झाला नाही.